संगीत संशयकल्लोळ : एका युद्धकालीन विनोदी नाटकाची वंशावळ व त्याचे कागद

(१) विषयप्रवेश

ऐतिहासिक साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, बखरी व पोथ्या हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. नाटक मंडळ्यांच्या वह्या, नटांच्या नकला, पदांचीं चोपडीं आणि प्रयोगांचीं हस्तपत्रकें यांस त्या पंक्तींत बसविण्यास आपण अजून फारसे राजी नसतों. वस्तुतः पाठपरंपरा, पाठभेद, प्रक्षेप, मूळ प्रत व उतारा हे जे प्रश्न पोथीसंबंधानें उपस्थित होतात, तेच प्रश्न नाटकाच्या वहीसंबंधानेंही उपस्थित होतात. आणि कित्येकदां ते अधिक गुंतागुंतीचे असतात, कारण पोथी एक लेखनिक उतरतो, परंतु नाटक पन्नास तोंडें उतरतात. प्रस्तुत लेखाचा हेतु हा कीं, एका सुपरिचित नाटकाचें उदाहरण घेऊन हा प्रश्न उलगडून दाखवावा व संग्राहकांनीं कोणते कागद राखावे, आणि कां राखावे, हें सुचवावें.

उदाहरणासाठीं घेतलेलें नाटक म्हणजे गोविंद बल्लाळ देवल यांचें 'संगीत संशयकल्लोळ'. तें गंधर्व नाटक मंडळीनें ऑक्टोबर १९१६ मध्यें रंगभूमीवर आणलें. त्या वेळीं युरोपांतील महायुद्धास दोन वर्षें उलटून गेलीं होतीं व तें संपण्यास आणखी दोन वर्षें लागावयाचीं होतीं. नाटक विनोदी; परंतु त्याचा विषय काळाकुट्ट. पतीस पत्नीचा, पत्नीस पतीचा, प्रियकरास प्रेयसीचा व प्रेयसीस प्रियकराचा संशय येतो, आणि चौघेही आपापल्या घराचा पाया स्वतःच्या हातांनीं खणूं लागतात. एवढ्या भांडवलावर हें नाटक शंभरांहून अधिक वर्षें टिकून आहे व आजही संगीत रंगभूमीवर त्याचे प्रयोग होतात.

(२) 'दीर्घकाळ चाललें' म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. विलायतेंत नाटक 'चाललें' याचा अर्थ, तें एकाच नाट्यगृहांत, त्याच नटसंचानें, रोज रात्रीं, प्रेक्षक येईनासे होईपर्यंत होत राहिलें, असा आहे. संशयकल्लोळाच्या दोन महिनेच आधीं, म्हणजे ३१ ऑगस्ट १९१६ रोजीं, लंडनमध्यें अलीबाबाच्या गोष्टीवर रचलेलें 'चू चिन चौ' नांवाचें संगीत नाटक सुरू झालें. तें १९२१ पर्यंत अखंड चालून त्याचे २,२३८ प्रयोग झाले. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील जोसेफ केसेलरिंग याचें 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' हें नाटक न्यूयॉर्क येथें १० जानेवारी १९४१ पासून १७ जून १९४४ पर्यंत चाललें, प्रयोग १,४४४. दोन प्रेमळ वृद्ध भगिनी एकाकी म्हाताऱ्यांस विषमिश्रित मद्य पाजून तळघरांत पुरतात, आणि तें पुण्यकर्म समजून करतात, हें त्याचें कथानक. लंडनमध्येंही तेंच नाटक १९४२ च्या अखेरीस सुरू होऊन त्याचे १,३३७ प्रयोग झाले. नोएल कॉवर्ड याचें मृत पत्नीच्या पिशाच्चावरील 'ब्लाइद स्पिरिट' हें नाटक २ जुलै १९४१ रोजीं लंडनांत आलें व त्यानें १,९९७ प्रयोगांचा टप्पा गांठला.

आमच्याकडील रीत वेगळी होती. नाटक मंडळी हें फिरतें बिऱ्हाड. ती एका गांवीं मुक्काम टाकी, आठवड्यांतील ठराविक वारीं प्रयोग करी, आणि संग्रहीं असलेलीं नाटकें आळीपाळीनें लावी. आज 'सौभद्र', पुढल्या वारीं 'मानापमान', त्यापुढें 'संशयकल्लोळ', असा क्रम चाले. मुक्काम हलला कीं पडदे, पेट्या, स्वयंपाकाचीं भांडीं व तंबोरे आगगाडींत चढत. आमचें सोलापूर हें मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील मोठें ठाणें, गिरण्यांचें गांव, आणि मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू या चारही भाषा एकाच बाजारांत ऐकूं येणारें. अशा गांवांच्या मुक्कामांवरच मंडळ्यांचा योगक्षेम चाले.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, मराठी नाटकाचें दीर्घायुष्य सलग प्रयोगांच्या आंकड्यानें मोजतां येत नाहीं. तें संग्रहांत किती वर्षें टिकलें व किती मंडळ्यांनीं तें उचललें, यावरून मोजावें लागतें. दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची. एका जागीं स्थिर असलेल्या नाट्यगृहाचे हिशेब एका कपाटांत राहतात. फिरत्या मंडळीचे कागद मुक्कामोमुक्कामीं विखुरतात. म्हणून मराठी नाटकाचा इतिहास एका दप्तरांत मिळावयाचा नाहीं. तो गांवोगांवच्या घरांतून गोळा करावा लागेल.

(३) वंशावळ

आतां या नाटकाची कुळकथा पाहूं. ती चार पिढ्यांची आहे.

पहिली पिढी फ्रान्समधली. मोलिएर या सुप्रसिद्ध नाटककाराचें 'स्गानारेल' हें एकांकी पद्यमय प्रहसन पॅरिस येथें २८ मे १६६० रोजीं प्रथम झालें. एक तरुणी रस्त्यांत मूर्च्छित होते. तिच्या हातून प्रियकराची तसबीर पडते. शेजारचा स्गानारेल तिला सांवरतो. त्याची बायको तें खिडकींतून पाहते व नवऱ्याविषयीं संशय घेते. खालीं येऊन ती तसबीर उचलते, तिचें कौतुक करते, आणि तें पाहून नवरा बायकोविषयीं संशय घेतो. एका पडलेल्या तसबिरीवर सारी इमारत उभी.

या पहिल्या पिढीचीच एक हकीकत पोथीसंग्राहकांनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. या प्रहसनाची पहिली छापील आवृत्ति मोलिएरनें काढलेली नव्हे. न्यफव्हिलेन असें नांव धारण करणाऱ्या एका गृहस्थानें, प्रयोग पुन्हां पुन्हां पाहून नाटक आपणांस पाठ झालें असें सांगून, तें त्याच वर्षीं पॅरिसमधील रिबू नांवाच्या पुस्तकविक्याकडून छापविलें. शिवाय प्रत्येक प्रवेशास आपलें विवरण जोडलें. मोलिएरला त्याविरुद्ध दाद मागावी लागली. म्हणजे जगप्रसिद्ध नाटककाराच्या कृतीचा आद्य मुद्रित पाठ प्रेक्षकाच्या स्मरणशक्तींतून उतरलेला! गुरुमुखानें विद्या घेणाऱ्या आपल्या परंपरेस यांत आश्चर्य वाटावयाचें नाहीं; परंतु त्या चोरट्या आवृत्तीच्या विवरणांतूनच नटांच्या हावभावांची माहिती पुढील पिढ्यांस मिळाली, हें लक्षांत घ्यावें. अनधिकृत प्रतही साधन असूं शकते.

दुसरी पिढी इंग्रजी. आर्थर मर्फी यानें या प्रहसनाच्या धाग्यावर 'ऑल इन दि राँग' हें पांच अंकी नाटक रचलें. तें लंडनमधील ड्रुरी लेन नाट्यगृहांत १७६१ मध्यें झालें. मर्फीनें संशयी दांपत्यास 'रेस्टलेस', म्हणजे अस्वस्थ, असें आडनांवच दिलें, प्रेमिकांच्या जोडीचा मत्सर वाढविला व नोकरचाकरांच्या चहाड्या जोडून एका अंकाचे पांच अंक केले.

तिसरी पिढी देवलांचें गद्य नाटक 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा', सन १८९३. आणि चौथी पिढी त्याच नाटकाचा पदांसह अवतार, 'संगीत संशयकल्लोळ', सन १९१६. पात्रांचीं नांवें मास व नक्षत्रें यांवरून योजिलेलीं आहेत. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती, मघा, अशी ती पंचांगांतील मंडळी. परकी कथा आपल्या आकाशाखालीं आणून बसविण्याची ही युक्ति मोठी मार्मिक आहे. नांव ऐकतांच प्रेक्षकास कळतें कीं, हे लोक अमुक गांवचे नव्हेत, आणि म्हणूनच कोणत्याही गांवचे असूं शकतील.

(४) देवलांनीं केलेला मुख्य पालट

भाषांतरकार म्हणून देवलांची थोरवी केवळ नांवें बदलण्यांत नाहीं. मोलिएर व मर्फी यांच्या नायिका प्रतिष्ठित घरच्या कन्या आहेत व विवाहाच्या आड त्यांचे वडील येतात. देवलांची रेवती नायकिणीच्या घरांत वाढलेली आणि लग्न करून संसार थाटूं इच्छिणारी तरुणी आहे. हा पालट कां केला असावा? माझ्या मतें त्याचें कारण समाजस्थितींत व उत्तर संस्कृत वाङ्मयांत आहे. त्या काळच्या महाराष्ट्रांत कुलीन घरची वयांत आलेली अविवाहित कन्या, प्रियकराची तसबीर जवळ बाळगून रस्त्यांत एकटी चालली आहे, असें दाखविणें विश्वसनीय झालें नसतें. ही अडचण संस्कृत नाटककारांनीं पूर्वींच सोडविलेली होती. प्रकरण नांवाच्या रूपकप्रकारांत गणिका ही नायिका असूं शकते. आणि तिचें उत्तम उदाहरण म्हणजे शूद्रकाच्या 'मृच्छकटिकां'तील वसंतसेना. हें नाटक देवलांनीं स्वतः मराठींत आणलेलें होतें. तेव्हां मर्फीची बेलिंडा मराठींत येतांना वसंतसेनेच्या अंगणांतून आली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या पालटाचा परिणाम असा झाला कीं, संशयास एक सामाजिक धार आली. बेलिंडेविषयींचा संशय हा केवळ मत्सर आहे. रेवतीविषयींचा संशय हा तिच्या जन्मावरील शिक्का आहे. ती कितीही निष्ठावंत असली, तरी जगास तिच्या निष्ठेचा पुरावा हवा असतो. प्रेक्षक हंसतो, परंतु हंसतां हंसतां ज्या मुलीवर अन्याय होत आहे, तिच्या बाजूला जाऊन बसतो. 'शारदा' नाटकांत (१८९९) बालाजरठ विवाहावर प्रहार करणारी देवलांची दृष्टि येथेंही जागी आहे.

(५) झुंझारराव आणि फाल्गुनराव

या नाटकास काळाकुट्ट विनोद कां म्हणावें, याचें उत्तर देवलांच्याच ग्रंथसूचींत सांपडतें. १८९० मध्यें त्यांनीं शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'चें रूपांतर 'झुंझारराव' या नांवानें केलें. त्यानंतर तीनच वर्षांनीं 'फाल्गुनराव' आला. दोहोंची मांडणी समोरासमोर ठेवून पाहावी. तेथें हातरुमाल हरवतो; येथें तसबीर पडते. तेथें पति निर्जीव वस्तूस साक्षीदार मानतो; येथेंही मानतो. तेथें पत्नीचें प्रत्येक निर्दोष वाक्य तिच्याविरुद्ध पुरावा होतें; येथेंही होतें. भेद इतकाच कीं, तेथें संशय एकाच्याच अंतःकरणांत सांठतो आणि अखेरीस निरपराध कमळजेचा प्राण घेतो. येथें तो चौघांत वांटला जातो व त्यामुळें कोणाच्याही हातीं शस्त्र येण्याइतका सांठत नाहीं. फाल्गुनराव जेव्हां पत्नीस पकडावयास जातो, तेव्हां पत्नी त्यालाच पकडावयास निघालेली असते. आरोपी व फिर्यादी एकच झाल्यावर न्यायालय बंद पडतें, आणि हास्य सुरू होतें.

साहित्यशास्त्राच्या भाषेंत हें असें सांगतां येईल. भरतमुनींनीं सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत शंका व असूया हे दोन भाव आहेत. व्यभिचारी भाव हा येतो आणि जातो. तो स्थायी होऊं शकत नाहीं. मग एका शंकेवर सबंध नाटक कसें उभें राहावें? उत्तर असें कीं, येथें शंका एका पात्राच्या ठायीं स्थिर राहतच नाहीं. ती एकास सोडून दुसऱ्यास धरते. व्यभिचारी भावाचा जो स्वभाव, तोच येथें कथानकाचा नियम झाला आहे. नाटकाच्या नांवांतील 'कल्लोळ' हा शब्द, म्हणजे लाटेवर लाट, याच दृष्टीनें अन्वर्थक आहे.

आणखी एक शास्त्रीय अडचण आहे. साहित्यदर्पणकार विश्वनाथानें हास्यरसास भयानक व करुण हे विरोधी सांगितले आहेत. असें असतां मृत्यु, विष, पिशाच्च किंवा संसाराचा नाश हे विषय हास्यास कसे चालतात? याचेंही उत्तर आपल्याच परंपरेंत आहे. 'मृच्छकटिकां'त शकार वसंतसेनेचा गळा दाबतो, चारुदत्तास वधस्तंभाकडे नेण्यांत येतें, आणि तरीही नाटकाच्या अंगभर विनोद खेळत असतो. 'भगवदज्जुकीयम्' या प्रहसनांत तर यमदूत चुकीच्या गणिकेचे प्राण नेतो, एक परिव्राजक योगबळानें तिच्या शवांत शिरतो, आणि चूक सुधारावयास आलेला यमदूत गणिकेचा जीव परिव्राजकाच्या देहांत घालतो. कॉवर्डच्या पिशाच्चनाटकास हंसणाऱ्या लंडनकरांपूर्वीं शतकानुशतकें भारतीय प्रेक्षक प्रेतावर हंसले होते. विरोध रसांचा नाहीं, प्रमाणाचा आहे. भय खरें वाटेल इतकें असावें, परंतु तें पडदा पडण्यापूर्वीं फिटेल अशी ग्वाही प्रेक्षकास सारखी मिळत असावी. ही ग्वाही देणें हेंच अशा नाटककाराचें मुख्य कसब होय.

(६) १९१६ सालची परिस्थिति

हें नाटक ज्या वर्षीं संगीत होऊन आलें, तें वर्ष महाराष्ट्रास कसें होतें, हेंही पाहिलें पाहिजे. मेसोपोटेमियांतील कूत येथें १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजीं इंग्रजांच्या सैन्यानें शरणागति पत्करली. शरण गेलेली सेना म्हणजे सहावी पुणें डिव्हिजन. तींत मराठा पलटणीही होत्या, आणि सुमारें १३ हजार माणसें कैदेंत गेलीं. त्याच महिन्यांत टिळकांनीं बेळगांव येथें होमरूल लीग स्थापन केली. उन्हाळ्यांतील भाषणांबद्दल त्यांच्यावर जामिनाचा खटला झाला व उच्च न्यायालयानें नोव्हेंबरांत तो हुकूम रद्द केला. म्हणजे संशयकल्लोळाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हां सरकारचा टिळकांवरील संशय न्यायप्रविष्ट होता.

रंगभूमीवरही सरकारची नजर होतीच. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्यानें प्रयोग बंद करण्याचा अधिकार सरकारास दिलेला होता, आणि खाडिलकरांच्या 'कीचकवधां'वर १९१० मध्यें बंदी आली होती. १९१५ च्या भारतसंरक्षण कायद्यानें सरकारचा हात आणखी लांब केला. अशा काळांत राजकीय रूपक करणें धोक्याचें, तर घरगुती प्रहसन निर्धोक. मंडळीचें पोट तर चाललेंच पाहिजे. एवढ्यावरून गंधर्व मंडळीनें हें नाटक भीतीपोटीं निवडलें, असें म्हणण्यास आधार नाहीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तिनें खाडिलकरांचें 'स्वयंवर'ही रंगभूमीवर आणलें. परंतु प्रेक्षकांच्या बाजूनें विचार करतां, ज्या दिवसांत पत्रें उघडून वाचलीं जात होतीं व अफवांस ऊत आला होता, त्या दिवसांत पडलेल्या तसबिरीवरून भलताच अर्थ काढणारा फाल्गुनराव लोकांस परका वाटला नसेल, एवढें अनुमान वाजवी आहे. युद्धकाळीं लोक विनोदाकडे केवळ विसरण्यासाठीं जात नाहींत. बाहेर ज्या गोष्टीचा शेवट दिसत नाहीं, तिचाच छोटा नमुना तीन-चार घटकांत सुटलेला पाहावा, यासाठींही जातात. छत्तीस वर्षांपूर्वीं सुरू झालेल्या संगीत रंगभूमीनें तो नमुना येथें अस्सल मराठी रंगांत दिला.

हरिपूरचे देवल स्वतः मात्र तो प्रयोग पाहूं शकले नाहींत. ते जून १९१६ मध्येंच वारले होते. बेळगांवीं अण्णासाहेब किर्लोस्करांजवळ शिकलेला, नटांस तालीम देण्यांत ज्याचा हातखंडा, असा हा नाटककार आपल्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगास गैरहजर होता. प्रयोगांत फाल्गुनराव झाले गणपतराव बोडस व रेवती झाले बालगंधर्व. या दोन भूमिकांची कीर्ति पुढें पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. उत्तरकाळीं छोटा गंधर्वांनीं अश्विनशेठची भूमिका गाजविली.

(७) पाठचिकित्सेचे निकष

आतां मुख्य प्रश्नाकडे वळतों. देवलांच्या निधनाची तारीख व पहिल्या प्रयोगाची तारीख यांतील अंतर केवळ भावनेचा विषय नाहीं; तो पाठचिकित्सेचा निकष आहे. जून १९१६ नंतर संहितेंत जो फेरफार झाला असेल, तो ग्रंथकाराचा नव्हे. तो मंडळीचा, नटाचा किंवा प्रकाशकाचा. म्हणून या नाटकाची कोणतीही हस्तलिखित वही हातीं आल्यास पुढील गोष्टी क्रमानें पाहाव्या.

पहिली गोष्ट, वही कोणत्या जातीची आहे. नाटकाच्या हस्तलिखितांत तीन जाति ठळक असतात. संपूर्ण संहितेची वही. पडद्याआडून नटास वाक्य सुचविणाराची वही, जिच्या कडेला प्रवेश-निर्गमाच्या खुणा व काटछाट असते. आणि एकेका नटाची नक्कल, जींत त्याचें भाषण व त्यापूर्वींच्या भाषणाचे शेवटचे दोन-चार शब्द एवढेंच असतें. संपूर्ण वही ग्रंथकाराचा हेतु सांगते. सुचविणाराची वही प्रयोग सांगते. नक्कल मात्र एका नटाचें आयुष्य सांगते. एकाच नकलेवर निरनिराळ्या शाईनें झालेल्या दुरुस्त्या म्हणजे निरनिराळ्या वर्षांचे थर होत.

दुसरी गोष्ट, पदांचें स्थान. १८९३ चें नाटक गद्य होतें. ज्या वहींत पदें मूळ ओघांतच लिहिलेलीं आहेत, ती संगीत अवतारानंतरची; ज्या वहींत पदें कडेस किंवा चिठ्ठीवर जोडलेलीं आहेत, ती दोन अवतारांच्या सांध्यावरची असण्याचा संभव अधिक. अशी सांध्यावरची वही मिळाल्यास ती अमोल समजावी. कारण गद्याचें संगीत होतांना कोणतें भाषण गळलें व कोणतें पदांत विरघळलें, हें तिच्यावरूनच कळेल. या नाटकांत हा प्रश्न विशेष नाजूक आहे. गाण्याचा मुख्य भार अश्विनशेठ व रेवती यांच्यावर, तर फाल्गुनराव ही भूमिका मुख्यतः गद्य. संशयाचें गद्य भराभर धांवतें व प्रेमाचें गाणें त्यास थांबवून धरतें. कोठें थांबवावें, याचा निर्णय देवलांचा किती व तालमींतील किती, हें ठरविण्यास अशा वह्यांवांचून दुसरें साधन नाहीं.

तिसरी गोष्ट, हस्तपत्रकें व पदांचीं चोपडीं. नाट्यगृहाच्या दारांत थोड्या आण्यांस विकलीं जाणारीं हीं चोपडीं कोणी जपून ठेवलीं नाहींत. म्हणूनच तीं जपण्याजोगीं आहेत. त्यांत गाळलेलें पद म्हणजे त्या मुक्कामीं न गायिलेलें पद, असा संशय घेण्यास जागा असते. मात्र एका चोपड्यावरून निर्णय करूं नये. फाल्गुनरावानें एकाच तसबिरीवरून निर्णय केला, त्याचें काय झालें, तें आपण पाहिलेंच. दोन स्वतंत्र साक्षी मिळाल्यावांचून पाठ पक्का धरूं नये, हा पोथ्यांचा नियम येथेंही पाळावा.

चौथी गोष्ट, नटांचीं आत्मवृत्तें. बोडसांचें 'माझी भूमिका' हें पुस्तक (१९४०) अशा प्रकारचें मोठें साधन आहे. परंतु आत्मवृत्त हें स्मरणावर उभें असतें, व स्मरण दुरुस्त्या करीत असतें. तें वहीशीं ताडून घ्यावें. वहीच्या जागीं बसवूं नये.

(८) संग्राहकांस विनंती

त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्र्यांनीं १९१२ पासून भासाचीं म्हणून ओळखलीं जाणारीं नाटकें आणि १९१७ मध्यें महेंद्रविक्रमाचें 'मत्तविलास' प्रहसन प्रसिद्ध केलें. सातव्या शतकांतील एक प्रहसन महायुद्धाच्या ऐन धामधुमींत पुन्हां वाचावयास मिळालें, याचें श्रेय केरळांत ज्यांनीं ताडपत्रें सांभाळलीं त्या अज्ञात मंडळींस आहे. त्यांस तें नाटक थोर आहे कीं क्षुद्र, हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्यांनीं तें टाकलें नाहीं, इतकेंच. आमच्या वह्या ताडपत्राच्या नव्हेत. त्या गिरणीच्या कागदाच्या, आम्ल शाईनें लिहिलेल्या, आणि शंभर वर्षांत पिवळ्या पडून घडीवर तुटणाऱ्या आहेत. ताडपत्रास जेवढा अवधि मिळाला, तेवढा यांस मिळावयाचा नाहीं.

सोलापूर व भोंवतालच्या प्रदेशाची हवा कोरडी. कोंकणच्या मानानें येथें कागद बरा टिकतो. वाळवी व रद्दीवाला हे मात्र सर्वत्र सारखेच. ज्या घरांतून पूर्वीं नाटक मंडळींस बिऱ्हाड, उसनवारी किंवा गवई पुरविला गेला, त्या घरांतील जुन्या पेट्यांत एखादी नक्कल, एखादें हस्तपत्रक, हिशेबाची एखादी किर्द असणें अगदीं शक्य आहे. असे कागद आढळल्यास ते वेगळे काढावे, सुटीं पानें आहेत त्याच क्रमानें ठेवावीं, कडेच्या खुणा पुसूं नयेत, फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये, आणि कोणत्या गांवीं व कोणत्या निमित्तानें ते घरांत आले, याची आठवण घरांतील वृद्धांकडून विचारून त्याच दिवशीं लिहून ठेवावी. कागदाबरोबर त्याची हकीकत गेली, तर कागद अर्धा मुका होतो.

संशयकल्लोळाचा छापील पाठ उपलब्ध आहे, प्रयोगही होत आहेत; मग हा खटाटोप कशास, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, छापील पाठ आपणांस काय बोललें गेलें तें सांगतो. लोक कोठें हंसले, कोणतें भाषण मुक्कामोमुक्कामीं वाढलें, कोणतें युद्धाच्या वर्षांत गाळावें लागलें, हें तो सांगत नाहीं. पॅरिसमधील एका रसिकानें स्मरणानें उतरलेल्या प्रहसनाची चौथी पिढी आज मराठींत नांदते आहे. तिचे जन्मकागद जमविणें हें काम आतां आपल्याकडे आलेलें आहे. ज्यांच्या संग्रहीं अशा वह्या असतील, त्यांनीं त्यांची निदान यादी करून या त्रैमासिकाकडे पाठवावी. यादीसाठीं वही हातची सोडावी लागत नाहीं; आणि यादी झालेली वस्तु सहसा रद्दींत जात नाहीं.